शारदाचं घर, पंडितभाऊंच्या प्लॉटवर

१२ नोव्हेंबर २००२
शारदाला सकाळच्या गाडीत बसवून आलो. दिवाळीची सुट्टी संपली. भोपाळला आर्किटेक्टचं शेवटचं वर्ष. पुण्याच्या एका फर्मने तिला आत्तापासूनच विचारून ठेवलं आहे. फर्म म्हणजे काय, माझ्यासारखेच ठेकेदार, फक्त एसीत बसलेले. प्लॅटफॉर्मवर मी सरळ म्हणालो, बेटा, पुण्याला कशाला, इथे ये, बापाचा चालू धंदा आहे.
ती म्हणाली, "येईन बाबा, पण एक अट आहे. मी आले तर नकलेची घरं बंद. ड्रॉइंग मी काढणार, बांधणार तुम्ही." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येईन तेव्हा पक्कं सांगेन म्हणाली.
मी हो म्हटलं. गाडी हलत असताना कोण नाही म्हणतं?
निश्चय: आखाजीपर्यंत असं एक घर उभं करायचं की पोरगी पुण्याचं नाव काढणार नाही.

१३ नोव्हेंबर
'नक्कल' हा शब्द दिवसभर टोचतो आहे. कोणाची नक्कल? मी माल कालवण्यापासून सुरुवात केली. वीट वाजवून सांगतो कुठल्या भट्टीची आहे, असा कान आख्ख्या बुरहानपुरात नाही. इंदूरला अधूनमधून चक्कर मारतो, गळ्यात कॅमेरा, चांगलं एलिव्हेशन, म्हणजे घराचं तोंड, दिसलं की फोटो. गिऱ्हाईक अल्बममध्ये बोट ठेवतं, मी बांधतो. आधी तोंड, मग पोट. याला नक्कल नाही, अभ्यास म्हणतात.
एकदा एका बंगल्याचा फोटो काढताना वॉचमनने हाकललं होतं, म्हणून त्या बंगल्याची डावी बाजू माझ्याकडे नाही. त्या नमुन्याची बरीच घरं मी इथे बांधली. कोणाच्याच डाव्या बाजूला खिडकी नाही. आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही.

२० नोव्हेंबर
गिऱ्हाईक आलं. दापोऱ्याचे पंडितभाऊ, केळीवाले. इथे बुरहानपुरात प्लॉट घेतला आहे, पोरांच्या शिक्षणासाठी. अल्बम चाळला आणि बाजूला सारला. म्हणाले, हे सगळं पाहिलेलं आहे शेठ, मला असं पाहिजे की दापोऱ्याहून येणाऱ्या माणसाने सायकलवरून उतरलंच पाहिजे.
मी म्हणालो, समजा उतरला.
आता आणू कुठून?

२२ नोव्हेंबर
देव आहे. कपाटावर शारदाची ड्रॉइंगची गुंडाळी सापडली. हॉस्टेलला ओल येते म्हणून इथे ठेवून गेली. उघडून पाहतो तर घर. काय घर! मधे चौक, जाड भिंती, आणि एका बाजूला उंच पोकळ बुरूज, वर जाळीचं तोंड. वारा वरून पकडून खाली सगळ्या खोल्यांत सोडायचा. बुरहानपूरच्या उन्हाळ्यावर असा इलाज मी कुठल्या इंदूरवाल्याच्या घरात पाहिला नाही.
कुसुम म्हणाली, अहो, तिला विचारा आधी. बायकांना सरप्राइज कळत नाही. तिची अट मला पाठ आहे: ड्रॉइंग तिचं, बांधकाम माझं. तेच तर करतो आहे. आणि बाप मुलाचं घेतो ती नक्कल कशी? तो वारसा झाला. फक्त खालून वर.

२५ नोव्हेंबर
श्रीकांतकडे गेलो. माझा भाचा, कम्प्युटर क्लास चालवतो. ड्रॉइंग कम्प्युटरमध्ये घालून दे म्हटलं. तो लगेच तयार झाला. म्हणाला, मामा, आमच्या लाइनमध्ये शून्यापासून कोणी लिहीत नाही, दुसऱ्याचा प्रोग्राम घ्यायचा, नाव बदलायचं, चालू करायचं.
मी त्याला मिठी मारायची बाकी ठेवली. म्हणजे जगातली सगळ्यात नवी विद्या माझ्याच पद्धतीने चालते.
त्याचं फी-पावतीचं सॉफ्टवेअर पाहिलं. पावती छापून आली, पोराचं नाव, कोर्सचं नाव, आणि खाली: 'जेवण आवडल्यास पुन्हा या.' मूळ प्रोग्राम कुठल्याशा खाणावळीचा. ती ओळ काढ म्हटलं तर म्हणाला, "काढली होती मामा. पूर्ण सिस्टम बंद पडली. कशाला आहे माहीत नाही, पण आहे म्हणून चालू आहे."
विचार करण्यासारखी गोष्ट आहे. प्रत्येक घरात अशी एक भिंत असते.

२ डिसेंबर
ड्रॉइंग पंडितभाऊंना दाखवलं. खूश. पण त्यांचे वास्तुवाले म्हणाले, स्वयंपाकघर आग्नेयला पाहिजे, इथे भलतीकडे आहे.
मी घाबरलो नाही. श्रीकांतकडे गेलो. त्याने एक कमांड दिली आणि आख्खं घर आरशात पाहिल्यासारखं डावीकडचं उजवीकडे झालं. स्वयंपाकघर बरोब्बर आग्नेयला. शारदाने महिना घालवला असेल, आम्ही चहा थंड व्हायच्या आत केलं. तिला इथे आणून हे शिकवलं पाहिजे.

१६ डिसेंबर
पायाचं काम सुरू. कम्प्युटरने घराबरोबर अक्षरंही उलटी केली आहेत. किचन, बेडरूम, सगळं उलटं. गोटू मिस्त्री हुशार, दाढीचा आरसा घेऊन आला आणि आरशात वाचतो आहे. साइटवर जाताना लांबून त्याचा आवाज कानावर आला, मजुरांना सांगत होता की शेठचं डोकं उलटं चालतं. साध्या माणसांनाही वेगळा विचार ओळखता येतो.

२९ जानेवारी २००३
भिंती वर आल्या. एक किरकोळ गोष्ट. गोटूने न्हाणीघर आरशात बघत-बघत आखलं, त्यामुळे बाकी घर उलटं आणि न्हाणीघर एकटं सरळ झालं आहे. दार देवघरात उघडतं. मी गोटूला काही बोललो नाही. पंडितभाऊंना सांगितलं, आंघोळ करून थेट पूजेला. ते म्हणाले, वा, हे इंदूरवाल्यांना नाही सुचलं.

१४ फेब्रुवारी
शारदाचा फोन. शेवटच्या प्रोजेक्टचं टेन्शन. बाबा काय चाललंय, तर म्हटलं, एक काम चालू आहे, आखाजीला बघशील. ती म्हणाली, "कुठल्या फोटोचं?" मी म्हणालो, फोटोचं नाही. तेवढ्यावर ती इतकी खूश झाली की मला फोन ठेवावासा वाटेना. म्हणाली, खरंच, बाबा? दोनदा म्हणाली.
कुसुम समोर उभी राहून मला पाहत होती. पाहू दे.

६ मार्च
स्लॅबखालचं सेंट्रिंग निघालं. बुरूज उभा. आज पहिल्यांदा आत उभा राहिलो. वारा नाही. पण आवाज आहे.
उजव्या हाताला पॉवरलूमची शेड आहे. शारदाच्या ड्रॉइंगमध्ये बुरुजाचं तोंड डावीकडे होतं. आम्ही फिरवल्यामुळे ते थेट शेडकडे झालं. खटक-खटक-खटक बुरुजातून खाली उतरतं आणि प्रत्येक खोलीत जातं. देवघरात तर लूम देवाच्या मागेच बसवल्यासारखा वाटतो. प्लॉटच्या डाव्या हाताला? कडुनिंब आणि मोकळी जागा.
मला त्रास नाही. मी लूमच्याच गल्लीत वाढलो. लाइट गेली, लूम थांबले, की आमच्याकडे म्हाताऱ्यांची झोप मोडते. पण हे दापोऱ्याचे लोक आहेत. केळीच्या बागेत झोपणारे.

८ मार्च
श्रीकांतला विचारलं, परत फिरवता येईल का? म्हणाला, एका सेकंदात. पण स्लॅबवर ती कमांड चालत नाही, हे त्यालाही मान्य आहे.

११ मार्च
मार्ग निघाला. लाइट जाण्याचं टाइम-टेबल मला तोंडपाठ आहे. पंडितभाऊंना मी लाइट गेल्यावरच साइटवर बोलावतो. कसली शांतता. ते म्हणतात, गावात असून गावात नसल्यासारखं वाटतं.

२५ मार्च
आज लाइट गेलीच नाही. कुठल्यातरी मंत्र्याचा दौरा होता म्हणे. आख्खं बुरहानपूर खूश, दुःखी मी एकटा. पंडितभाऊ बायकोला, मालूबाईंना, पहिल्यांदाच घर दाखवायला घेऊन आले. मालूबाई किचनमधून काहीतरी म्हणाल्या. पंडितभाऊ चौकात उभे, ऐकू आलं नाही. त्या परत म्हणाल्या. मग दोघं समोरासमोर येऊन ओरडून बोलले.
पंडितभाऊ मला म्हणाले, "शेठ, दापोऱ्यात कुत्रं भुंकलं तर समजतं कोणाचं आहे ते. इथं बायको काय म्हणते ते समजेना."
मी म्हणालो, काही लोक यासाठी पैसे देतील.
ते हसले. मालूबाई हसल्या नाहीत. जाताना रिक्षापर्यंत त्या काय बोलत होत्या ते माझ्या कानाने टिपलं. नसतं टिपलं तर बरं झालं असतं.

१ एप्रिल
बुरुजाचं तोंड विटांनी बंद केलं. आवाज पुष्कळ कमी. पण आता किचनचा धूर कुठे जात नाही. वाटलं नव्हतं की तो बुरुजातूनच वर जाणार होता. शारदाने कुठे लिहून ठेवलं नाही. लिहिलं असेल तर उलटं झालं असेल.
श्रीकांत म्हणतो, एक बग काढला की दोन येतात, मामा, हे नॉर्मल आहे.

४ एप्रिल
धुरासाठी किचनच्या भिंतीला भोक पाडलं. ते न्हाणीघरात निघालं. धूर न्हाणीघरातून देवघरात जातो. धूप समजायचं.

११ एप्रिल
जाळीच्या जागी विटा दिसतात. एलिव्हेशनचा जीव गेला. शारदा आली की पहिली नजर तिथेच जाणार. मोतीलाल पेंटरला बोलावलं. टॉकीजचे बोर्ड रंगवणारा माणूस. छोट्या फोटोवर चौकटी आखतो, भिंतीवर मोठ्या चौकटी आखतो, आणि हिरोईनचं नाक एक-एक चौकट करत मोठं करतो. त्याला शारदाचं मूळ ड्रॉइंग दिलं, म्हटलं, ही जाळी जशीच्या तशी विटांवर काढ.

१९ एप्रिल
जाळी तयार. मी स्वतः फसलो. आतला काळोख, कडेची सावली, सगळं. मोतीलालने आपल्या मनाने एक चिमणी बसवली आहे, अर्धी आत, अर्धी बाहेर. हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं, पण कलाकाराला किती अडवायचं? एक कबूतर दिवसभर तिथे बसायला येतं आणि आपटून परत जातं.
संध्याकाळी दापोऱ्याचा एक माणूस खरोखर सायकलवरून उतरला. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. त्याने सोबत्याला सांगितलं की वाऱ्याची खिडकी आहे, बघ कशी गार हवा लागते. तो उन्हात उभा होता. त्याला लागली.
यावर मी बराच विचार केला. खरी जाळी असती तर आवाज आला असता. खोटी जाळी हवा देते आणि आवाज देत नाही. मग खरी कोणती? हे शारदाशी बोलायचं आहे. आपल्या दोघांच्या धंद्याचं मर्म यात आहे.

२६ एप्रिल
शारदाचा प्रोजेक्ट पास. तीन तारखेला येते. कुसुमने सांजोऱ्यांचा रवा आणला, अंगणातल्या झाडाला झोका बांधायला सांगितला. पोरगी आखाजीला माहेरी आली पाहिजे, एवढंच ती दिवाळीपासून म्हणते आहे. मी म्हणालो, येईल आणि राहील.
पंडितभाऊंची वास्तुशांतीही आखाजीलाच ठरवली. दुपारी. लाइट नसते तेव्हा.

३ मे
शारदा आली. बारीक झाली आहे. येताच झोक्यावर बसली. पुण्याचं मी विचारलं नाही, तिने काढलं नाही. आमच्या तापीकाठच्या प्लॉटवर गवत किती वाढलं आहे ते मात्र विचारत होती. मी म्हणालो, उद्या तुला असं काही दाखवतो की प्लॉट-बिट विसरशील.

४ मे, आखाजी
शांतपणे लिहितो.
दुपारी तिला घेऊन गेलो. लांबून घर दिसलं तशी ती थांबली. सायकल नव्हती, नाहीतर उतरली असती. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती आत गेली. चौक पाहिला. न्हाणीघराचं दार उघडलं, देव दिसले, दार लावलं. मग बुरुजाखाली उभी राहिली आणि वर पाहिलं. वर काळोख. ती किती वेळ वर पाहत होती. मी म्हणालो, बाहेर ये, बाहेरून बघ. बाहेर तिने मोतीलालची जाळी पाहिली. चिमणी पाहिली.
पंडितभाऊ आले, म्हणाले, ताई, तुमच्या बाबांनी काय डोकं लावलंय. ती त्यांना नमस्कार करून म्हणाली, घर छान आहे काका.
मग लाइट आली. अर्धा तास आधी. लूम सुरू झाले. विटा असूनही बुरूज आतून गुणगुणायला लागला. तिने भिंतीला हात लावला आणि मला वाटतं तिला सगळं समजलं, कारण तिने डावीकडे कडुनिंबाकडे पाहिलं आणि मग उजवीकडे शेडकडे.
"हे मी आपल्यासाठी काढलं होतं, बाबा. आपल्या प्लॉटसाठी. वारा नदीवरून येईल असं."
मी म्हणालो, बेटा, एक रेघ बदललेली नाही. फक्त उलटं केलं.
ती म्हणाली, "मागितलं असतं तर पंडितकाकांसाठी वेगळं काढून दिलं असतं. त्यांच्या प्लॉटचं."
मागितलं असतं तर. हे मला कसं सुचलं नाही? म्हणजे सुचायचं कारण नव्हतं, आपलंच होतं.
घरी येऊन आम्ही आंब्याचा रस खाल्ला. तिने दोनदा घेतला. म्हणजे राग नाही. घर तिला आवडलं आहे, फक्त बोलता आलं नाही.

५ मे
ती पुण्याला जाणार. मला नाही सांगितलं, आईला सांगितलं. मी म्हणालो, पगार जास्त असेल, आजकालच्या पोरांना पगार दिसतो.
कुसुम भांडी लावत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "अहो, पुण्याला 'नाही' म्हणून कळवून आली होती ती. काल तुमच्याबरोबर फिरून आली आणि एसटीडीवर गेली, त्यांना परत हो म्हणायला."
मी बाहेर येऊन झोका सोडला. दोर चांगला आहे, सेंट्रिंगला उपयोगी पडेल.

२२ जून
मालूबाई पोरांना घेऊन दापोऱ्याला परत गेल्या. झोप लागत नाही म्हणे. पंडितभाऊ रविवारी येतात, समोरच्या टपरीवर बसून स्वतःच्या घराकडे पाहतात, लोक थांबतात ते मोजतात आणि जातात. त्यांची तक्रार नाही. मी विचारलं नाही.
इंदूरला जायचं होतं. गेलो नाही. कॅमेऱ्यात रोलच भरला नव्हता.

१५ ऑगस्ट
बुरहानपूर जिल्हा झालं. फटाके. श्रीकांत म्हणतो, आता कलेक्टर ऑफिस येणार, कोर्ट येणार, घरंच घरं लागणार, मामा. लागतील. आमच्या धंद्याच्या नव्या बोर्डावर काय लिहायचं ते विचारायला मोतीलाल आला होता. म्हटलं, सध्या राहू दे.

३१ ऑगस्ट
फोपनारचे एक जण आले. केळीवालेच. घर पाहिजे, पंडितभाऊंसारखं. मी म्हणालो, वेगळं काही बघू, प्लॉट पाहून. ते म्हणाले, नको, तेच पाहिजे, जसंच्या तसं, आणि ती चिमणी असलेली खिडकी तर पाहिजेच. इथल्याच लालबागचा त्यांचा एक पाहुणाही तयार आहे. दोघांच्याही प्लॉटला नदी नाही, शेड नाही, काहीच नाही. विटा रचून त्यावर खिडकी काढायची, बस.
निश्चय: या वेळी शारदाला विचारायचं. विचारल्याशिवाय रेघ ओढायची नाही.

७ सप्टेंबर
रविवार. पुण्याला फोन लावला. कुसुम गणपतीची आरती संपवून शेजारी येऊन उभी राहिली, हात पुसत.
शारदा बरी आहे. पाऊस आहे. कामाचं विचारलं, तर एका मोठ्या बिल्डिंगची बाथरूम काढते. सगळ्या मजल्यांची. सगळी एकसारखी, एक काढायचं आणि खाली-खाली चिकटवत जायचं. मी हसलो नाही. वाटलं होतं की हसेन.
मग मी फोपनारचं सांगितलं आणि विचारलं. नीट विचारलं, की बेटा, तुझं घर आहे, तुझी परवानगी असेल तर बांधतो.
मला वाटलं लाइन गेली. मग ती म्हणाली, "विचारलंत, बरं वाटलं. पण त्यात माझं काही नाही, बाबा. बांधा तुम्ही."
परवानगी मिळाली. उद्यापासून पाया.
फोन ठेवला तर कुसुमने विचारलं, दिवाळीला येते का?
मी म्हणालो, तेच विचारणार होतो, लाइन कट झाली.